ओढा उतरेपर्यंत

आम्हाला खरं तर कोस्टा रिकाला जायचं होतं. दोन हजार पाचचा जानेवारी चालू होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या कार्पेटवर बुटांना चिकटून आलेल्या रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पडले होते. त्या डागांच्या मधोमध नकाशा पसरून आम्ही तिघं बसलो होतो. मी नागपूरची, माझी रूममेट मुंबईची, आणि तिसरा आमच्याच प्रोजेक्टवरचा एक पुणेकर. हा आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे जेवायचा आणि त्या बदल्यात आमच्या सगळ्या ट्रिपांची एक्सेल शीट बनवायचा. आम्ही त्याला पुणेकरच म्हणायचो. पाठीवर तंबू टाकायचा, जंगलातून चालायचं, हॉटेल नाही, बस नाही, असा बेत होता.

शीटमध्ये विमानाचे पर्याय भरता भरता पुणेकर एकदम थांबला.

"माझं स्टॅम्पिंग बाकी आहे यार," तो म्हणाला.

त्याचा व्हिसा इथल्या इथे कागदावर वाढवून मिळाला होता, पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला होता. म्हणजे अमेरिकेच्या बाहेर पाऊल टाकलं, की आत येण्याआधी कॉन्सुलेटच्या दारात उभं राहावं लागणार. तिथे अडकला तर प्रोजेक्ट गेलं आणि नोकरीही गेली.

"मग इथल्या इथे ट्रॉपिकल काय आहे ते शोध," रूममेट म्हणाली. "पासपोर्ट न दाखवता नारळाखाली बसता आलं पाहिजे."

असं आमचं हवाई ठरलं. त्यातही काउआई नावाचं बेट, आणि त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची कलालाऊची पायवाट. जायला अकरा मैल, यायला अकरा मैल. एका बाजूला सरळसोट उभे हिरवे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. वाटेत मोटाररस्ता नाही, दुकान नाही, फोन लागत नाही.

चौथी व्यक्ती आमच्यात कशी आली, ते सांगायला हवं.

शनिवारी सकाळी मी गावाजवळच्या राखीव जंगलात चालायला जायची. तिथे एक काकू भेटायच्या. त्रेसष्ट वर्षांच्या, निवृत्त भूलतज्ज्ञ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गुहागरजवळच्या एका गावातून मुंबई आणि मुंबईहून थेट शिकागोच्या हॉस्पिटलात, असा त्यांचा प्रवास. केस बारीक कापलेले, चाल झपाझप, बोलणं मोजकं. आम्ही तासभर चालायचो आणि त्यात फार तर दहा मिनिटं बोलायचो. त्या दहा मिनिटांत एकदा मी हवाईचं सांगितलं. त्या पुढची पन्नास पावलं तशाच झपाझप चालल्या आणि मग म्हणाल्या, "मी आले तर चालेल का?"

मी "हो, चालेल ना" म्हणून टाकलं आणि घरी येऊन कपाळाला हात लावला.

पुणेकर तर उघडच घाबरला. तो काकूंना भेटायला गेला आणि अगदी आदरानं म्हणाला, "काकू, अकरा मैल आहेत. चढउतार आहे. पाठीवर तीस पौंड असणार."

"तू रोज किती चालतोस?" काकूंनी विचारलं.

"मी... ड्राइव्ह करतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

पुढचे अडीच महिने त्या पाठीवरच्या बॅगेत तांदळाची वीस पौंडी पिशवी घालून बर्फातून चालल्या. मी त्यांच्यामागे रिकाम्या पाठीनं धापा टाकायची. काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते येणार नव्हते. त्यांनी आम्हा चौघांसाठी चार शिट्ट्या आणल्या आणि आमचे रक्तगट टाइप करून त्याची लॅमिनेटेड कार्डं केली. एप्रिलमधल्या एका पहाटे त्यांनी आम्हाला विमानतळावर सोडलं. "हिला जरा सांभाळा," असं ते मला हळूच म्हणाले. मी अगदी जबाबदार चेहऱ्यानं मान हलवली.

माझ्या मनात मात्र तेव्हाही ऑफिसच होतं. परत आल्यावर मंगळवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मॅनेजरबाईंनी सुट्टी दिली होती, पण देताना चष्म्यावरून बघत दिली होती. दोन हजार दोन साली मी चार महिने बेंचवर काढले होते. प्रोजेक्ट नाही, रोज सकाळी रिक्रूटरच्या फोनची वाट बघायची आणि घरी आईला सांगायचं की काम चांगलं चाललंय. ती भीती नंतर चांगली नोकरी लागल्यावरही गेली नाही. एखादी मीटिंग चुकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. हे सांगायचं कारण, पुढे जे झालं ते या गोळ्यामुळे झालं.

काउआईला उतरलो आणि पहिल्यांदा दिसल्या त्या कोंबड्या. विमानतळाच्या पार्किंगमध्ये, गाड्यांखाली, फुटपाथवर, सगळीकडे मोकाट कोंबड्या. नंतर अंगाला हवा लागली. दमट, कोमट, मातीचा आणि कुजक्या पानांचा वास असलेली. सहा महिने हीटरच्या कोरड्या हवेत काढलेल्या माझ्या नाकाला ती एकदम ओळखीची वाटली. रूममेट म्हणाली, "अगं, केस बघ माझे, घरी आल्यासारखे फुगले."

बुधवारी सकाळी चालायला लागलो. लाल चिकट माती, दगड, झाडांची मुळं. काकू आमच्या सगळ्यांत पुढे. त्या जोरात चालत नव्हत्या, पण थांबतही नव्हत्या. आम्ही भरभर जायचो, फतकल मारून बसायचो, आणि तेवढ्यात त्या आम्हाला ओलांडून पुढे जायच्या. दोन मैलांवर हनाकापीआई नावाचा ओढा लागला. दरीतून येऊन तिथेच समुद्राला मिळतो. गुडघ्याएवढं स्वच्छ पाणी, काठावरच्या झाडांना बांधलेला एक दोर, आणि दगडांवरून उड्या मारणारी माणसं. आम्ही बूट गळ्यात अडकवून पाच मिनिटांत पार झालो. ओलांडण्याआधी काकूंनी सगळ्यांना बॅगेचे छातीवरचे आणि कमरेवरचे पट्टे सोडायला लावले.

"एवढ्याशा पाण्यात?" मी म्हटलं.

"पाय घसरला तर बॅग अंगावेगळी करता आली पाहिजे. नाहीतर तीच बुडवते. मी वाचलंय."

मी हसून पट्टे सोडले.

त्या वाटेनं जाताना काकूंचं काहीतरी व्हायला लागलं. एरवी मोजकं बोलणारी ही बाई दर वळणावर थांबून झाडांना हात लावायला लागली. पेरूची झाडं तर जागोजाग होती, खाली पडून फुटलेल्या पेरूंचा वास वाटभर पसरलेला. एक जांभूळ दिसलं. ओढ्याकाठी रानअळू. मग लांब करवती पानांचं, खोडातून काठ्या टेकवल्यासारखी मुळं सोडलेलं एक झाड आलं. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी शोधत.

"केवडा," त्या शेवटी म्हणाल्या. "केवड्याच्या जातीचं आहे हे. आमच्या घरामागे होतं. बन होतं केवड्याचं." मग त्या मुळांवरून हात फिरवत, "तीस वर्षांत हा शब्द मी तोंडानं उच्चारला नव्हता गं. मला वाटलं होतं गेला."

पुढे दिवसभर त्यांना असे शब्द आठवत राहिले. पन्हळ, पाणंद, गडगा. जो शब्द आठवेल तो त्या मोठ्यानं म्हणायच्या आणि पुढे चालायला लागायच्या. रूममेट आणि पुणेकर सुरुवातीला एकमेकांकडे बघून हसले. मग तेही "गडगा म्हणजे काय हो काकू?" असं विचारायला लागले. "दगडांवर दगड रचलेलं कुंपण," असं काकू चालता चालताच सांगायच्या.

सहा मैलांवर एक मधला तळ आहे, तिथे पहिला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ती जागा आली जिथे वाट जेमतेम दोन पावलं रुंद होते. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला कित्येक फूट खाली आपटणारा समुद्र. आमच्यात उंचीची भीती कोणाला आहे, हे तिथे कळलं. पुणेकराचा चेहरा राखेसारखा झाला. काकूंनी त्याला विचारलं नाही की समजावलंही नाही. "माझ्या बॅगेचा हा पट्टा धर आणि माझ्या पाठीकडे बघ, बाकी कुठे बघू नकोस," एवढंच म्हणाल्या. अवघड उतार आला तिथे त्या सरळ खाली बसल्या आणि बसून सरपटत गेल्या. मागोमाग पुणेकरही. पलीकडे गेल्यावर दोघांच्या पँटी मागून सारख्याच लाल झाल्या होत्या.

कलालाऊला आम्ही एक अख्खा दिवस राहिलो. त्या दिवसाबद्दल मला फारसं सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलं नाही. डोंगरावरून सरळ वाळूत पडणारा धबधबा होता, त्याखाली आम्ही आंघोळी केल्या. पेरू खाल्ले. काकू समुद्राकडे तोंड करून दोन तास नुसत्या बसल्या. मी इतकी निवांत होते की संध्याकाळ होईपर्यंत ऑफिस आठवलं नाही. आठवलं तेव्हा मात्र दिवसभराचं एकदम आठवलं.

शनिवारी मधल्या तळापर्यंत परत आलो आणि पाऊस सुरू झाला. रात्रभर लागून राहिला. रविवारी संध्याकाळी आमचं विमान होतं, म्हणून भिजतच निघालो. चार मैल चिखलातून घसरत हनाकापीआईला पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले होते.

ओढ्याचा आवाज आधी ऐकू आला. मग तो दिसला. आमचा गुडघाभर पाण्याचा ओढा तिथे नव्हताच. त्याच्या जागी तांबडं, फेसाळ पाणी काठ भरून चाललं होतं आणि त्याच्या तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा खडखड आवाज येत होता. अलीकडच्या काठावर आणखी सहा-सात माणसं अडकलेली होती. त्यात ओरेगॉनहून मधुचंद्राला आलेलं एक जोडपं होतं. आणि एक बेटावरचाच माणूस, पन्नाशीचा, उघडा, पायात रबरी चपला, खांद्यावर गुंडाळलेलं मासे धरायचं जाळं. तो महिनोन् महिने दऱ्यांतच राहायचा, असं नंतर समजलं. त्यानं आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही.

"किती वेळ लागेल उतरायला?" मी त्याला विचारलं.

"पाऊस थांबेल तेव्हा कळेल."

मी घड्याळ बघितलं. अजून दोन मैल, मग गाडी, मग तासभर रस्ता. सगळं जमण्यासारखं होतं. हे पंचवीस फूट पाणी तेवढं मध्ये होतं.

"दोर आहे की," मी म्हटलं. "दोर धरून जाता येईल. कमरेएवढं असेल फार तर."

"वेडी आहेस का?" रूममेट म्हणाली.

"काकू, तुम्हीच सांगा हिला," पुणेकर म्हणाला.

काकू ओढ्याकडे बघत होत्या. "जायचं नाही," त्या म्हणाल्या. "विमान उद्याही असतं."

त्यांचं बरोबर आहे हे मला कळत होतं, ही खरी लाजेची गोष्ट. पण पोटातला तो गोळा इतका वर आला होता की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मंगळवारी मी नसले तर, रिलीज फसलं तर, मॅनेजरबाई काय म्हणतील, पुन्हा तो बेंच, पुन्हा ते फोन. सगळे तंबू लावायला जागा बघत होते तेव्हा मी दोराकडे गेले. पट्टे सोडण्याएवढी अक्कल होती, ते सोडले. आणि पाण्यात पाय टाकला.

पहिली चार पावलं पडली. पाचव्या पावलाला खालचा दगडच हलला. पाणी मांडीपर्यंत होतं ते एकदम छातीपर्यंत आलं आणि माझे दोन्ही पाय सुटले. दोर एका हातात होता. दुसऱ्या खांद्यावर बॅग अडकली होती आणि ती पाण्यानं भरून मला समुद्राच्या दिशेनं ओढत होती. नाकातोंडात पाणी. मला आठवतंय, मी त्या क्षणीही बॅग धरून ठेवत होते.

"बॅग सोड! अगं सोड ती! हात काढ!"

इतक्या आवाजात इंग्रजी हाका मला कळल्या नसत्या. काकूंची मराठी मात्र सरळ डोक्यात घुसली. मी खांदा खाली केला आणि बॅग गेली. अंग हलकं झालं, पण दोरावरची पकड सुटत चालली. तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. पुणेकर कमरेपर्यंत पाण्यात होता. त्याचा हात त्या जाळंवाल्यानं धरला होता, जाळंवाल्याला नवरदेवानं, आणि नवरदेवाला काठावरच्या झाडाशी पाय रोवून उभ्या असलेल्या रूममेटनं. उंचीला घाबरणारा आमचा पुणेकर पाण्याला घाबरत नव्हता, किंवा त्या वेळी विसरला असेल.

त्यांनी मला काठावर ओढून काढलं. मी ओकले, खोकले. काकूंनी माझी नाडी धरली, डोळ्यांत बघितलं, बरगड्या दाबून बघितल्या. गुडघा फाटला होता, तो उकळलेल्या पाण्यानं धुतला आणि पट्ट्या ओढून नीट बंद केला. हे सगळं करताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शेवटची पट्टी लावल्यावर त्यांनी उरलेल्या पट्ट्या मोजून डबीत ठेवल्या आणि लगेच बाहेर काढून पुन्हा मोजल्या. तीस-पस्तीस वर्षं लोकांना भूल दिलेली ही बाई, पण तिला चार पट्ट्या मोजणं जमेना.

"सॉरी काकू," मी म्हटलं.

"थांब, बोलू नकोस." डबी बंद करून त्या म्हणाल्या, "ऑपरेशन संपलं की पेशंट जागा होईपर्यंत दोन मिनिटं असतात. इतक्या हजार लोकांना जागं केलं, पण ती दोन मिनिटं मला कधी सवयीची झाली नाहीत. तू पाण्यात होतीस ना, तो वेळ तसाच गेला."

मग मला रडू आलं.

बॅगेत काय होतं, याचा हिशोब सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी लागला असावा. आमचं चौघांचं उरलेलं सगळं खाणं माझ्याकडे होतं. माझी स्लीपिंग बॅग होती. आणि माझी बॅग सगळ्यांत कमी गळते म्हणून पुणेकराचा नवा डिजिटल कॅमेराही. त्यात त्यानं ट्रिपभर काढलेले सगळे फोटो. त्यानं समुद्राकडे एकदा बघितलं, ओला शर्ट पिळला आणि रूममेटकडे बोट दाखवून म्हणाला, "चांगले फोटो हिनं तिच्या कॅमेऱ्यानं काढलेत. माझ्या सगळ्यांत अंगठाच यायचा."

एवढंच. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, त्यानं त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

आम्ही त्या काठावर दोन दिवस अडकलो. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर येण्याची शक्यता नव्हती. सोमवारी सकाळी पलीकडच्या काठावर अग्निशमन दलाचे दोन लोक आले आणि दोन्ही पंजे खाली दाबून त्यांनी खूण केली, थांबा, येऊ नका. ओरडलेलं काही ऐकू जात नव्हतं. काकूंना चिंता एकच, काकांना कळवायचं कसं. मग नवरीनं सुचवलं की सगळ्यांची नावं आणि घरचे फोन नंबर कागदावर लिहू, प्लॅस्टिकच्या बाटलीत दगडासकट घालू, आणि पलीकडे फेकू.

"मी फेकतो," पुणेकर म्हणाला. "कॉलेजच्या टीममध्ये मी बाउंड्रीवर असायचो."

त्यानं पाच पावलं धावून बाटली फेकली. ती ओढ्याच्या मध्यावर पडली आणि आमच्या सगळ्यांच्या नावानिशी समुद्रात गेली. मग सगळेच हसले, तो धरून. दुसरी चिठ्ठी लिहिली. या वेळी नवरी उठली. शाळेत असताना ती सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होती. तिनं हात खालून एक गरकन वळसा घेऊन फिरवला आणि बाटली पलीकडच्या माणसाच्या पायाशी जाऊन पडली. त्यानं चिठ्ठी काढून वाचली आणि अंगठा वर केला. काकूंनी त्या मुलीला जवळ ओढून तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तिला काय चाललंय ते कळलं नाही, पण आवडलेलं दिसलं.

खाण्याचं काय होणार, हे मी कोणाला विचारू शकत नव्हते. मला तोंड नव्हतं. पण कोणी विचारायची वेळच आणली नाही. जोडप्यानं त्यांचे नूडल्स काढले. आणखी कोणी ओटमील, कोणी टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या. काकूंच्या कमरेच्या पाउचमध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. ती टॉर्टियावर पसरून आम्ही सगळ्यांना दिली. जाळंवाला कुठेतरी दरीत गेला आणि तासाभरानं अळूची पानं आणि कंद घेऊन आला. फार पूर्वी त्याचे पूर्वज त्या दरीत अळूची शेती करायचे, बांध अजून आहेत, असं तो म्हणाला.

काकूंनी पानं हातात घेऊन देठ मोडून बघितले. "खाजरं आहे का?" त्यांनी त्याला चक्क मराठीतच विचारलं, आणि मी ते इंग्रजीत कसं सांगायचं याचा विचार करत असताना त्यांनी स्वतःच घशाला हात लावून खाजवल्यासारखं केलं. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, तासभर उकळायचं, घाई करायची नाही. काकू म्हणाल्या, आम्ही चिंच घालतो. चिंच नव्हती. पण त्याच्याकडे दोन लिंबं होती आणि पुणेकराकडे गॅस होता. एकाचं भांडं, दुसऱ्याचं मीठ असं करत ते अळू शिजलं. मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ अळू खाल्लंय. त्या अळूची चव त्या सगळ्यापेक्षा चांगली नव्हती. पण माझ्या चुकीमुळे जेवण गेलेलं असताना कोणीतरी पहिला वाडगा माझ्यापुढे केला, तो हात मला अजून दिसतो. तो नवरदेवाचा होता. मला त्याचं नावही आता आठवत नाही.

झोपायला रूममेटनं तिच्या स्लीपिंग बॅगची चेन पूर्ण उघडून आमच्या दोघींवर पांघरली. "तू पाय फार मारतेस," एवढी तक्रार तिनं केली.

मंगळवारी सकाळी पाऊस थांबला होता. ओढा खाली गेला होता, पाणी अजून गढूळ पण मांडीएवढं. पलीकडच्या लोकांनी नवा दोर ताणून दिला. जाळंवाल्यानं काकूंची बॅग उचलून आपल्या डोक्यावर घेतली आणि त्यांना दुसऱ्या हाताचा आधार देत पार नेलं. माझी पाळी आली तेव्हा माझे पाय उचलेनात. तो परत आला, माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या पाठीकडे बघ." मी त्या पाठीकडे बघत पार झाले.

शेवटचे दोन मैलही काकूंची बॅग त्यानंच आणली. वाट संपली तिथे खाली ठेवली. आम्ही काय देऊ शकतो, असं पुणेकरानं चाचरत विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि अर्धा उरलेला गॅसचा डबा मागितला. तो घेऊन तो उलटा फिरला. मी त्याला नीट थँक यू म्हणायला काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात तो वळणाआड गेलासुद्धा.

रस्त्यात दिसलेल्या पहिल्या सार्वजनिक फोनवरून मी ऑफिसला फोन लावला. तिकडे दुपार झाली होती. मॅनेजरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. ओढा, पूर, बॅग, सॉरी, रिलीज. मग विचारलं, "हाडं सगळी शाबूत आहेत?"

"हो."

"रिलीज शुक्रवारीच पुढच्या आठवड्यावर गेलंय. सर्व्हर आले नाहीत. घरी ये, झोप, आणि गुरुवारी ये."

मी फोन ठेवला आणि त्या फोनखालच्या पायरीवर बसून राहिले. ज्यासाठी मी जीव पाण्यात घातला होता, ते मी पाण्यात उतरण्याआधीच पुढे ढकललं गेलं होतं आणि मला सांगायला कोणाकडे मार्ग नव्हता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला फक्त मोकळं वाटलं, इतकं की जवळून जाणाऱ्या कोंबडीलाही मी "काय म्हणता बाप्पा" असं म्हटलं.

शिकागोला काका चार जाड कोट दोन्ही हातांवर घेऊन उभे होते. एप्रिल असूनही तिथे बोचरी थंडी होती. अग्निशमनवाल्यांचा फोन त्यांना सोमवारी दुपारीच मिळाला होता. त्यांनी काकूंच्या अंगात कोट घातला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं स्वतः लावली. मग मला म्हणाले, "सांभाळलंस ना तिला?"

मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं, त्या आता सांगतील.

"हो," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळलं."

त्यांनी ती गोष्ट काकांना सांगितली की नाही, मला माहीत नाही. पुणेकर दोन हजार आठमध्ये परत पुण्याला गेला. रूममेटचं लग्न झालं आणि ती डब्लिनला असते. काकू आणि मी नंतरही कितीतरी शनिवार त्या जंगलात चाललो, पूर्वीसारखंच पन्नास मिनिटं गप्प आणि दहा मिनिटं बोलत. माझं ऑफिस माझ्या पोटातून एकदम गेलं, असं नाही. पण त्यानंतर मीटिंग चुकली, तारीख पुढे गेली, कोणी नाराज झालं, की मी आधी एक श्वास पूर्ण घेते. तो घेता येतो, याचंच मला अजून नवल वाटतं. तो घेता यावा म्हणून एका काठावर चार माणसं एकमेकांचे हात धरून पाण्यात उभी राहिली होती, आणि त्यातली दोन मला धड ओळखतही नव्हती.